मर्यादेखालचे निरोप

दुपारच्या पाळीत टेबलावरचा फोन थरथरला आणि सरकत सरकत बशीला जाऊन टेकला. त्याने आधी बशी बाजूला केली, मग फोन उचलला. बँकेचा मेसेज होता. बँकेचे मेसेज यायचे थांबून बरेच दिवस झाले होते, त्यामुळे आधी त्याला ती जाहिरातच वाटली. जाहिराती तो वाचत नसे असं नाही, सगळ्या वाचत असे, पण शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो पहिली ओळ विसरलेली असे. हा मेसेज मात्र त्याने दोनदा वाचला. तुमच्या खात्यावरच्या ॲड-ऑन कार्डाने एका फर्निचरच्या दुकानात मोठ्या रकमेचा व्यवहार होत आहे. तो तुमच्या संमतीने होत असल्यास एक हा आकडा पाठवा, नसल्यास दोन पाठवा. काही वेळात उत्तर न आल्यास, तुमच्या सुरक्षेसाठी, व्यवहार रद्द करून कार्ड थांबवण्यात येईल. ॲड-ऑन कार्ड म्हणजे त्याच्याच खात्यावरचं दुसरं कार्ड, आणि ते बायकोच्या पर्समध्ये होतं. बायको थंडी सुरू व्हायच्या आधी तिच्या थोरल्या बहिणीकडे गेली होती. आता पंखे लावायचे दिवस आले होते.

म्हणजे या क्षणी ती एका फर्निचरच्या दुकानात उभी होती. दुकान त्याला माहीत होतं, त्याच्यावरून बस जायची. काचेआड मांडलेल्या खोल्या दिसत, कुणीच राहत नसलेल्या, उशांवर सुरकुती नसलेल्या. त्या काचेच्या आतल्या बाजूला ती उभी असेल, हातात पर्स उघडी, आणि दुकानदार यंत्राकडे बघत असेल. काय घेतलं असेल? आकड्यावरून त्याने अंदाज बांधायचा प्रयत्न केला, पण त्याने शेवटचं फर्निचर घेतलं त्याला एवढी वर्षं झाली होती की आताच्या किमतींचा काही पत्ता नव्हता. खुर्ची नसणार एवढं नक्की. खुर्ची पाहुणीसुद्धा घेते, टेकायला काहीतरी हवं म्हणून. एवढ्या रकमेची वस्तू जिना चढून कुणाच्या घरात गेली की ती परत खाली उतरत नाही. कपाट असेल, पलंग असेल, जेवायचं टेबल असेल. तिने तिकडे बिऱ्हाड थाटायचं ठरवलं होतं, आणि बँक त्याला विचारत होती की ही गोष्ट तुमच्या संमतीने होत आहे का. हे सगळं त्याच्या लक्षात आलं. छातीत काहीतरी व्हायला हवं होतं. तो थोडा वेळ थांबला, पण काही झालं नाही. फक्त बशीतला चहा निवला होता आणि त्यावर साय धरली होती, ते त्याला दिसलं.

‘मास्तर, मेसेज वाचताय की पाठ करताय?’ शेजारच्या टेबलावरून रेडिओ म्हणाला. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. खोलीत सगळे त्याला रेडिओ म्हणत, कारण तो बंद होत नसे. आणि याला मास्तर म्हणत, कारण हा जेवणाच्या सुट्टीत पुस्तक उघडून बसे. कंपनी लिफ्टची होती, पण या दोघांचा लिफ्टशी हात लावण्याइतकाही संबंध नव्हता. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आतलं बटण दाबतो, तेव्हा घंटा जिथे वाजते ती ही खोली. खोलीला खिडकी होती, पण ती दुसऱ्या खोलीत उघडत होती. घंटा वाजली की फोन कानाला लावायचा, आपण कोण ते सांगायचं, बोला म्हणायचं, आणि ऐकायचं. बहुतेक घंटा खोट्या असत. कुणाची पिशवी बटणाला लागे, कुणाचा खांदा, कुणी कडेवरचं मूल रडू नये म्हणून त्याच्याकडून बटण दाबून घेई. अशा वेळी पलीकडून श्वास ऐकू येत, पिशव्यांची खसखस, कधी दार उघडून पावलं लांब जात. खरा अडकलेला माणूस लगेच बोलतो, ओरडतो, आईबहिणीवरून शिव्या देतो. गप्प राहतो तो अडकलेला नसतो, असा इथला अलिखित नियम होता. तो नियम त्यानेच बसवला होता आणि नव्या लोकांना तोच शिकवायचा. या कामात त्याचा आवाज कसलेला झाला होता. घाबरू नका, माणूस निघालाय, दाराला टेकू नका. हे तो अशा सुरात म्हणे की माणसं खरंच शांत होत. कुणी कुणी नंतर फोन करून आभार मानत. तो मेसेज त्याने आत्ता तिसऱ्यांदा वाचला तोही त्याच सुरात, मनातल्या मनात, आणि आपण कुणा परक्याची समजूत काढतो आहोत असं त्याला वाटलं.

कार्डं घेतली तेव्हा ती सोबत होती. बँकेतली मुलगी फार उत्साही होती. सूचना सुरू करून घ्या, म्हणाली, मग खातं तुमच्या मुठीत. किती रकमेच्या वर खर्च झाला की कळवायचं ते तुम्ही ठरवा, हप्त्याची तारीख जवळ आली की कळवू, मर्यादा संपत आली की कळवू, नेहमीपेक्षा वेगळा खर्च दिसला तर आधी तुम्हाला विचारू आणि मगच पुढे जाऊ. त्याने सगळ्या चौकोनांत खुणा केल्या. बायको म्हणाली, अरे, एवढं तर मला पण तुझ्याबद्दल जाणून घ्यायचं नाही. मुलगी हसली, तोही हसला. मग तिला पावती दाखवायची गरज उरली नाही आणि त्याला विचारायची. पैसा दोघांचा होता, कार्डावर मुख्य नाव त्याचं, एवढंच. पुढे त्या सूचनांचा एक वेगळाच उपयोग त्या दोघांनी शोधून काढला. शोधला तिने. लग्न झालं तेव्हा पोचल्याचा फोन करायची रीत होती. एकदा वाजवून ठेवून द्यायचा, पैसे लागत नसत. ती शाळेत चित्रकला शिकवायची, कधी प्रदर्शन, कधी शिबिर, कधी मैत्रिणीकडे, आणि तो पाळीत असताना त्याला फोन उचलता येत नसे. तेव्हा ती म्हणाली, मी पोचले की काहीतरी घेईन. चहा नाहीतर पेन्सिल. तुझा फोन वाजेल. तुला उचलायला पण नको. तेव्हापासून ती जिथे जाई तिथून त्याच्याकडे एक चहा येई, किंवा एक पेन्सिल. घरात पेन्सिली इतक्या साठल्या की वरच्या मजल्यावरची पोरं परीक्षेच्या दिवशी त्यांच्याकडेच येत. ही व्यवस्था त्याला फार आवडली होती. कुणी काही बोलायचं नाही, तरी काळजी मिटते. प्रेमाची याहून मोठी सोय काय असते, असं तेव्हा त्याला वाटलं असेल. आता आठवून सांगायचं तर खात्री नव्हती.

तिच्या जाण्याला कारण असं काही घडलं नव्हतं. घडलंच असेल तर ते कडीचं, आणि तेही काय, हसण्यावारी नेण्यासारखं. एका सुट्टीच्या सकाळी तो पेपर वाचत बसला होता आणि ती आंघोळीला गेली होती. बाथरूमची कडी जुनी होती, गंजलेली. कुठेतरी ठोकल्याचा आवाज येत होता. थांबून थांबून येत होता. दोन ठोके, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा दोन. वरच्या मजल्यावर कुणी खिळा ठोकत असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि ते नुसतं आलं असं नाही, ते त्याने ठरवून टाकलं, तो निकाल कुठेतरी नोंदवला गेला आणि त्यानंतर तो आवाज त्याला ऐकू आला नाही. पेपरातला अग्रलेख त्याला अजून आठवत होता. ती हाक का मारत नव्हती हे तिने नंतर सांगितलं: पहिल्यांदा मारली होती, मग शेजारी काय म्हणतील म्हणून मारली नाही, आणि मग, म्हणाली, तू हाताच्या अंतरावर आहेस हे मला माहीत होतं ना, म्हणून मारली नाही. शेवटी कंगव्याचा दांडा घालून तिने कडी स्वतःच सरकवली. बाहेर आली ती ओल्या केसांनी, दोन नखं मोडलेली. त्याने पेपरातून वर बघून विचारलं, चहा ठेवू का? ती त्याच्याकडे बघत राहिली आणि खदखदून हसली. पुढचे काही दिवस येईल त्याला ती ही गोष्ट सांगत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरात मुक्कामाला आहे. हा सगळ्या गावाला लिफ्टमधून बाहेर काढतो आणि बायको मात्र आत. गोष्ट ती फार रंगवून सांगे, त्याच्या चेहऱ्याची नक्कल करी, तोही हसे. मग एक दिवस कुणी पाहुणे आले, त्यांनी ती कडीची गंमत सांगा ना म्हटलं, तर ती म्हणाली, कुठली कडी? आणि सरबत करायला आत गेली.

मग तिच्या ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बायकोच्या थोरल्या बहिणीला अक्कडसासू म्हणतात, आणि हा शब्द ज्याने काढला त्याने याच बाईंना बघून काढला असणार अशी त्याची जुनी खात्री होती. एकट्या राहायच्या, एका खोलीत आणि स्वयंपाकघरात, तिसऱ्या मजल्यावर, आणि कुणाचं काही घ्यायचं नाही हा बाणा. त्यांना उठवायला-बसवायला कुणीतरी हवं होतं. मी जाते, बायको म्हणाली. त्याने बॅग खाली आणून दिली. ताईंचा गुडघा बरा झाला, त्या काठी घेऊन चालू लागल्या, मग काठी सुटली, असं कुणाकडून तरी कळलं. ती परत आली नाही. कधी येतेस, असं त्याने विचारलं नाही, आणि येत नाही, असं तिने सांगितलं नाही. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. लोक विचारत तेव्हा तो ताईंचा गुडघा सांगे. गुडघ्याच्या आधारावर त्याने थंडी काढली.

तिकडे गेल्यावरही तिने ती रीत मोडली नव्हती. रोज सकाळी फोन थरथरे: ताईंच्या घराखालच्या दुकानातून दूध आणि ब्रेड. अकराच्या सुमाराला चहाची गाडी, कारण ताईंच्या हातचा चहा तिला आवडत नसे हे त्याला ठाऊक होतं. मधूनच औषधाचं दुकान, क्रेप बँडेज असेल. एकदा पेन्सिल आली. तो मेसेज बघे आणि मनात म्हणे, ठीक आहे. ठीक आहे हे शब्द येत, त्यांच्या मागोमाग काही येत नसे. ती आहे, चालतेफिरते आहे, दूध घेते आहे. उत्तर द्यायचा प्रश्न नव्हता. अशा मेसेजला उत्तर द्यायची सोयच नसते, खाली तसं लिहिलेलंही असतं. मग एका पाळीत एक माणूस दोन मजल्यांच्या मध्ये अडकला होता, घाबरट होता, दिवाही गेला होता. त्याच्याशी बोलत असताना खिशातला फोन थरथरला, आणि मास्तरच्या तोंडून निघालं, ठीक आहे. अंधारातला तो माणूस म्हणाला, काय ठीक आहे? काय ठीक आहे, भडव्या? तो माणूस सुखरूप निघाला, तक्रारही झाली नाही. पण त्या दुपारी त्याने बँकेला फोन लावला. पलीकडची बाई त्याच्यासारखीच कसलेल्या आवाजाची होती. दोन कसलेले आवाज एकमेकांशी फार छान बोलले. किती रकमेपुढचं कळवू सर, तिने विचारलं. त्याने एक आकडा सांगितला. एवढा? तिने विचारलं, म्हणजे रोजचं काही तुम्हाला कळणार नाही, सर. नको, तो म्हणाला. त्याचं बोलणं नम्र होतं. फोन ठेवल्यावर त्याला हलकं वाटलं की रिकामं, हे त्याने तपासलं नाही. दाराआड कुरकुरणारी खुर्ची उचलून दुसऱ्या खोलीत ठेवावी तसं ते त्याने केलं होतं. त्यानंतर सकाळ झाल्यावर फोन गप्प असे. कधीकधी दात घासता घासता तो फोन उचलून बघे आणि काय बघायला उचलला हे न आठवल्यामुळे किती वाजले ते बघे.

फोन पुन्हा थरथरला. आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत, असं बँक म्हणत होती. रेडिओने मान लांब करून पडद्यावर नजर टाकली. लाज म्हणून त्याला कधी नव्हतीच. वहिनी खरेदीला गेल्या वाटतं, म्हणाला. दाबा एक आणि सुटा, मास्तर. बायकोच्या खरेदीला नाही म्हणणाऱ्याचं काय होतं ते पाहायचं असेल तर माझा डबा उघडून बघा, आजही कोरडी पोळी आहे. मग घंटा वाजली आणि रेडिओने ती घेतली, कुणाच्या तरी पाठीवरच्या दप्तराने वाजवलेली. मास्तर दोन्ही आकड्यांकडे बघत राहिला. एक पाठवला तर, जा, राहा तिकडे, मला चालेल, असं होईल. दोन पाठवला तर दुकानदार यंत्र पुसेल, पुन्हा एकदा कार्ड लावून बघेल आणि म्हणेल, चालत नाही हो बाई हे. मागे दोन गिऱ्हाइकं उभी असतील, आणि ती पर्स बंद करून त्या काचेतून बाहेर येईल. तिचा चेहरा कसा होईल हे त्याला दिसेना. आवाज आठवत होता, चेहऱ्याच्या जागी काही येत नव्हतं. आणि काहीच नाही पाठवलं तर? काहीच न करणं हे त्याचं जन्माचं उत्तर होतं, त्यावर त्याने संसार केला होता, नोकरी केली होती, आईवडिलांचं सगळं पार पाडलं होतं. पण बँकेने ते या वेळी दोनमध्ये धरलं होतं. त्याचं आत्तापर्यंतचं गप्प राहणं बाकी सगळ्यांनी कशात धरलं असेल, असा विचार त्याच्या डोक्यात आला आणि तिथेच उभा राहिला.

तेवढ्यात फोन वाजू लागला, खराखुरा. पडद्यावर ‘घर’ असं होतं. तिचा नंबर त्याने तसाच ठेवला होता, बदलायचं सुचलं नव्हतं. पाळीत स्वतःचा फोन घ्यायचा नसतो. तो उठला, खोलीबाहेरच्या बोळात गेला. तिथे पाण्याचं यंत्र होतं, त्याला टेकून उभा राहिला.

‘आला का मेसेज?’ ती म्हणाली.

‘आला.’

‘मग?’

‘वाचतोय.’

‘दोन ओळी आहेत त्या.’

मागे दुकानाचे आवाज येत होते, लाकूड फरशीवरून ओढल्याचा, कुणीतरी कुणाला तरी रंग कोणता म्हणून विचारत होतं. ती म्हणाली की दुकानदाराने तिला बसायला खुर्ची दिली आहे, विकायचीच, प्लास्टिक न काढलेली, जरा हललं की चर्र करते, आणि सगळे बघतात. साहेबांनी हो म्हटलं की झालं, असं तो म्हणतोय. तिच्या आवाजात राग नव्हता. राग नाही हे ओळखायला त्याला वेळ लागला नाही, ते त्याचं कामच होतं. पण मग काय होतं, ते त्याला ओळखता येईना.

‘काय घेतेयस?’

‘पलंग.’

‘बरं.’

‘एकाचा.’

‘बरं.’

‘तुझं बरं ऐकून मला वाटायला लागलंय, मी लिफ्टमधूनच बोलतेय.’

तो हसला नाही. पलीकडे खुर्ची चर्र वाजली. मग ती म्हणाली, एक विचारते, खरं सांग. ती मर्यादा तू का वाढवलीस? कोणती मर्यादा, असं तो म्हणणार होता, पण म्हणाला नाही. पाण्याच्या यंत्रात आत कुठेतरी बुडबुडा वर आला. ती बँकेशी केलेली गोष्ट होती, तो आणि ती नम्र बाई यांच्यातली. ती तिसऱ्या कुणाला माहीत असेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

‘मला पण मेसेज आला ना,’ ती म्हणाली. ‘त्याच दुपारी. मी औषधाच्या दुकानात उभी होते. मुख्य कार्डधारकांनी सूचनांची मर्यादा बदलली आहे, या रकमेखालचे व्यवहार त्यांना कळवले जाणार नाहीत. फार सभ्य भाषेत होतं. मी म्हटलं, चला, बँकेने तरी सांगितलं.’

‘कामात वाजायचा,’ तो म्हणाला.

‘हो. वाजणारच.’

त्यानंतर मी ते कार्ड काढलं नाही, ती म्हणाली, हातात पैसे शिल्लक होते त्यात भागवलं. कार्डाने दूध घेऊन सांगायचं कुणाला? तिने हे अशा सुरात सांगितलं की जणू दूधवाला बदलल्याचं सांगावं. त्याने कपाळ यंत्राच्या गार पत्र्याला लावलं. फोन गप्प होता ते दिवस त्याला आठवायला लागले, सगळे एकसारखे, दात घासण्याचे. त्या दिवसांत ती पलीकडे गप्प होती आणि तो म्हणत होता, शांतता आहे. काहीतरी बोलायला हवं होतं. माफी वगैरे शब्द त्याला ठाऊक होते, पुस्तकांत भरपूर वाचले होते, पण ते त्याच्या कसलेल्या आवाजातून निघाले असते तर तिने फोन ठेवला असता. त्याने दुसरंच काहीतरी विचारलं, आणि विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं की ती गेल्यापासून तिच्याबद्दल त्याने तिला विचारलेली ही पहिली गोष्ट.

‘तिथे झोप लागते का तुला?’

फोन लागलेला आहे ना, हे त्याने पडद्यावर बघून घेतलं.

‘जमिनीवर झोपते,’ ती म्हणाली. ‘ताईकडे पलंग एकच. एक गादी होती, ती ताईच्या पायाखाली लागते. खाली सतरंजी घालते दुहेरी.’

‘थंडीत पण?’

‘थंडीत आणखी काय वेगळं करणार? थंडीतच तर होते.’

दूध, ब्रेड, चहा, बँडेज, पेन्सिल. हे त्याला सगळं वेळच्या वेळी कळत होतं, मर्यादा वाढवेपर्यंत तरी. पाठीचं तिचं जुनं दुखणं, सकाळी उठताना पलंगाच्या कडेला धरून आधी कुशीवर वळायची. जमिनीवरून ती कशाला धरून उठत असेल? जे घेतलं त्याचा मेसेज येतो. जे घेतलं नाही त्याचा कुठून येणार? दुखलं असं नाही म्हणता येणार. बराच वेळ मांडी घालून बसलेल्या माणसाच्या पायात उठल्यावर मुंग्या यायला लागतात, आणि दुखण्यापेक्षा ते वाईट असतं, तसं काहीसं पोटाच्या वर कुठेतरी होत होतं.

‘आधीच सांगते,’ ती म्हणाली, ‘तू दोन दाबलंस म्हणून मी घरी येणार नाही.’

‘आणि एक दाबलं तर?’

‘तर मी आज पलंगावर झोपेन. बाकीचं काही त्या मेसेजमध्ये नाहीये.’

त्याने फोन कानापासून काढला. एक लिहायला किती वेळ लागतो, पण बोट दोनदा चुकलं, एकदा शेजारच्या अक्षरावर पडलं, ते खोडावं लागलं. मग गेला. लगेच बँकेचे आभार आले, आपण आपले खाते सुरक्षित ठेवल्याबद्दल. फोन पुन्हा कानाला लावला तेव्हा पलीकडे यंत्रातून कागद निघाल्याचा आवाज येत होता आणि दुकानदार खुलला होता. तिने फोन ठेवला नव्हता, बहुधा हातातच धरला होता, कारण आवाज लांबून येत होते. दुकानदार पत्ता विचारत होता. तिने पत्ता सांगितला. मजला? तिसरा. लिफ्ट? लिफ्ट नाही. हरकत नाही, म्हणाला, आमची माणसं अख्खा पलंग उचलून नेतात, संध्याकाळपर्यंत पोचेल.

‘ऐक,’ तो म्हणाला. मग जरा मोठ्याने म्हणाला, कारण ती ऐकत नव्हती. बोळातून जाणाऱ्या हिशेबनिसाने वळून पाहिलं. ‘अगं, ऐक ना.’

‘काय?’ तिचा आवाज जवळ आला.

‘पाय सुटे करून द्यायला सांग. अख्खा जाणार नाही. दुसऱ्या मजल्यानंतर जिना जिथे वळतो ना, तिथे कठडा पुढे आलेला आहे. ताईंचं कपाट चढवलं तेव्हा तिथेच अडकलं होतं, पुढेही जाईना आणि मागेही येईना, मी खालच्या बाजूला होतो. पाय सुटे करून नेऊ दे आणि वर गेल्यावर त्यांनाच बसवायला सांग. आपण बसवू म्हणू नकोस, तुला वाकता येणार नाही.’

एवढं तो एका दमात बोलला. शेवटी शेवटी आवाज चिरकला, घंटेच्या खोलीत चालला नसता असा. मग तिने फोन खाली केला असावा, कारण पुन्हा लांबून ऐकू आलं.

‘याचे पाय सुटे करून द्या. आणि वर आल्यावर तुमच्या माणसांनी बसवून द्यायचे.’

गरज नाही हो बाई, दुकानदार म्हणाला. एवढासा तर पलंग आहे, सहज जातो.

‘नाही जाणार. जिना वळतो तिथे अडकेल.’

आत्ता तर तुम्ही म्हणाला नाहीत जिन्याचं, असं दुकानदार म्हणाला. कोणी सांगितलं?

खुर्ची चर्र वाजली, ती उठली असावी. मास्तर फोन कानाला दाबून उभा होता. मागच्या खोलीत घंटा वाजत होती आणि रेडिओ त्याला नावाने हाका मारत होता.

‘आहेत एक,’ ती म्हणाली, आणि फोन तसाच चालू राहिला.